निकम सरांशी कोण भांडणार

"ह्या गावात मला तोंडावर चूक म्हणणारे दोघंच," निकम सर म्हणत. "एक कंपायलर आणि दुसरा सय्यद."

कंपायलर म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारी व्यवस्था. एखादा कंस राहिला, एखादं नाव चुकलं, की तो तिथंच थांबतो आणि अमुक ओळीत चूक आहे म्हणून सांगतो. कुणाची भीडभाड ठेवत नाही. सय्यद साहेब म्हणजे औरंगपुऱ्यात प्रिंटर आणि यूपीएस दुरुस्त करणारे सरांचे दोस्त. या दोघांत सरांना जास्त प्रिय कोण, हे सांगणं अवघड होतं.

तिसरा मी होऊ शकलो असतो. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी सरांच्या टेबलाला टेबल लावून बसत होतो. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून तालुक्यांचे बाजार फिरलो, त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली. आणि त्या सगळ्या वर्षांत मी त्यांना एकदाही चूक म्हणालो नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही. आमच्या घरात मोठ्यांना उलट बोलायची रीत नव्हती आणि ती न बोलण्याची सवय म्हणजेच आदर, अशी माझी समजूत होती. सरांना तो आदर नको होता. त्यांना काय हवं होतं हे ते मला पहिल्याच आठवड्यात सांगून चुकले होते, आणि मी ते ऐकूनही घेतलं होतं.

सर मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकरी घरातले. वडील निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं सरांच्या मराठीत कैफियत, तजवीज, बेजार असे शब्द सहज यायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला एकच पेन. प्रोग्राम आधी कागदावर पेन्सिलीनं लिहायचा आणि मग यंत्रासमोर बसायचं, हा नेम. कागद म्हणजे जुन्या प्रिंटरचे, दोन्ही कडांना भोकं असलेले लांबच लांब ताव, त्यांची कोरी बाजू. "यंत्रापुढं बसून विचार करणारा माणूस म्हणजे जेवायला बसून दळण दळणारा," असं त्यांचं मत.

ते कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी सोयगावचा, म्हणून 'सोयगाव'. हिशेब बघणारी मुलगी बिडकीनहून यायची, ती 'बिडकीन'. एकदा पुण्याहून कुणी मोठे साहेब कंपनी बघायला आले आणि पंख्याच्या आड उभे राहिले. सर मान वर न करता म्हणाले, "पुणे, जरा सरका, वारा अडतोय."

मतं मात्र त्यांना प्रत्येक गोष्टीबद्दल होती. प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दल तर ती गावकीतल्या माणसांबद्दल असावीत तशी होती. कोबोल म्हणजे तहसील कचेरी. चार शब्दांचं काम चाळीस शब्दांत होणार, पण कागद हरवणार नाही. सी म्हणजे बिनकठड्याची विहीर. पोहता येत असेल तर उडी मारा, नसेल तर लांब उभे राहा. फॉक्सप्रो ही बैलगाडी. मोडली तर गावचा सुतारही नीट करतो. जावा म्हणजे एक कप चहा करायचा तरी आधी मांडव घाला. पुढं पायथन आली, तिच्यात ओळीच्या आधी जागा किती सोडली यावर अर्थ ठरतो. सर दोन दिवस ते वाचत बसले आणि म्हणाले, "कोऱ्या जागेला अर्थ असलेली भाषा मी आजवर एकच पाहिली होती. आमच्या मंडळींची."

सगळा माल क्लाऊडवर ठेवायचा असतो, असं कुणी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मराठवाड्यात ढगावर भरवसा ठेवायला कोण सांगतंय?" शहराला आठवड्यानं पाणी येतं याबद्दल त्यांचं म्हणणं, प्रोग्राम बरोबर आहे, फक्त चुकलं तर काय करायचं ते लिहायचं राहून गेलंय. रोज दोन वर्तमानपत्रं घेत, एकमेकांचं तोंड न बघणारी. दोन्ही शेजारी शेजारी उघडून वाचत आणि म्हणत, "हे बघ, एकाच सभेला दोघं गेले होते. एकाला गर्दी दिसली, एकाला खुर्च्या दिसल्या."

ही मतं ते फेकत नसत, पुढं ठेवत. ठेवून झालं की थांबत आणि समोरच्याकडं बघत. आता तू बोल, असं ते बघणं असायचं. आम्ही हसत होतो. हसणं सोपं होतं.

मी कामावर लागलो त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "सोयगाव, तारीख अक्षरांतच साठवून ठेवावी, तारखेच्या रकान्यात नाय. काय म्हणतो?"

हे चूक आहे, एवढं मला कॉलेजातही शिकवलं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे सर."

"कामून?"

 ते माझ्या कारणाची वाट बघत राहिले. मग पेन्सिलीचं टोक करायला लागले आणि म्हणाले, "तू कामाचा आहेस. सोबतीचा नायस."

सोबतीला सय्यद साहेब होते. शनिवारी संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या एका हॉटेलात दोघं बसत. सर मराठीत बोलत, सय्यद साहेब दखनीत, आणि भांडण कुठं अडत नसे. मी स्कूटरवर सोबत आलेला असे, म्हणून बाकाच्या कडेला बसून ऐकत असे.

"मियाँ, तुम्हारा सॉफ्टवेअर क्या है? हवा," सय्यद साहेब म्हणत. "बिजली गई की खतम. मेरा ट्रान्सफॉर्मर देखो. बंद पड्या तो भी किसी के सर पे मार सकते."

"म्हणजे मेल्यावर उपयोगाला येतो, असं म्हण की."

"हौ. तुम्हारा तो जीते जी भी नई आता."

पाच मिनिटांत गल्ल्यावरचा मालकही कान देऊन ऐकायला लागे. विषय कोणताही चाले. वीज मंडळ, क्रिकेट, मुलांना इंग्रजी शाळेत घालावं का, समोशात वाटाणा हवा की नको. दोघंही आवाज चढवत, टेबलावर हात आपटत, एकमेकांच्या खानदानाला बोल लावत. उठताना सय्यद साहेब सरांच्या स्कूटरला किक मारून देत, कारण सरांचा गुडघा दुखायचा. परतताना सर अख्खा जालना रोड गुणगुणत यायचे. एवढे खूश मी त्यांना ऑफिसात कधी पाहिले नाहीत.

सरांचं खरं काम म्हणजे एका बाजार समितीचा प्रोग्राम. गेटवरच्या काट्यावर गाडीचं वजन व्हायचं, खिडकीतला कारकून ते यंत्रात भरायचा आणि पावती निघायची. असे प्रोग्राम पुष्कळ असतात. सरांचा प्रोग्राम वेगळा होता, कारण तो उलट बोलायचा. काही विचित्र आकडा भरला की पावती अडायची आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांतून मराठी वाक्य यायचं. ट्रॉलीच्या मानानं वजन जास्त वाटलं, तर 'मावेल का एवढं? पुन्हा बघ.' भाव भरायचा राहिला, तर 'फुकट वाटतो का?' आणि खाली एक रिकामी चौकट, तिच्यात कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नसे. बाकीचे प्रोग्राम विचारतात, हो की नाही. सरांचा विचारायचा, का.

"माणसाला हो-नाय विचारलं की तो हो दाबतो," सर सांगत. "का विचारलं की थांबतो. थांबला की चूक दिसते."

कारकून त्या चौकटीत काय काय लिहीत. 'साहेबांना विचारा.' 'माफ करा.' 'भूक लागली.' एकदा प्रिंटर दुरुस्त करायला गेलेल्या सय्यद साहेबांनी चाचणी म्हणून पोत्यांचा अचाट आकडा भरला आणि कारण लिहिलं, 'मेरी मर्जी.' सरांनी ते वाचलं आणि त्यानंतर 'मेरी मर्जी' हे कारण प्रोग्राममध्ये कायमचं मान्य करून टाकलं.

नवं शतक लागताना यंत्रांची वर्षं चुकणार म्हणून जगभर बोलबाला झाला होता, तेव्हा सय्यद साहेबांचं म्हणणं होतं की सगळं बंद पडेल. सर म्हणत होते, त्यांच्या प्रोग्रामच्या केसालाही धक्का लागणार नाही. महिनाभर दर शनिवारी हेच चाललं होतं. एक तारखेला सकाळी दोघं बाजार समितीत हजर, मागोमाग मी. यंत्र सुरू झालं. पावती निघाली, तारीख बरोबर. सरांनी सय्यद साहेबांकडं पाहिलं. सय्यद साहेब म्हणाले, "रुको मियाँ. हमालों का कागज निकालो."

हमालांचा तक्ता काढला, तर एका हमालाचं वय उणे आलं होतं. वयाचा हिशेब सरांनी फार पूर्वी घाईत लिहिला होता आणि तिथं वर्षाचे दोनच आकडे घेतले होते.

सय्यद साहेब तो कागद हातात धरून गेटवर गेले आणि सगळ्यांना दाखवत सुटले. "ये देखो. ये आदमी अभी पैदा होना है, और बोरियाँ उठा रहा है."

मला वाटलं सर खजील होतील. ते धावतच सय्यद साहेबांच्या मागं गेले आणि स्वतःच लोकांना समजावून सांगायला लागले. "माझी चूक. हिथं दोन आकडे घेतले, बघा. सय्यदनं पकडली." आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. त्या सकाळी गेटवरच्या प्रत्येकाला त्यांनी भजी खाऊ घातली. ज्या हमालाचं वय उणे आलं होतं त्याला दोन वेळा.

नंतर वर्षं गेली. फॉक्सप्रो बनवणाऱ्या कंपनीनंच ती सोडून दिली. सर निवृत्त झाले. मुलगा पुण्यात प्रोग्रामर, नातू झाला तसं काकूंना तिकडं राहावं लागलं. त्या सणावारी यायच्या. सर सिडकोतल्या एन-सातच्या रो-हाऊसमध्ये एकटे. पुण्याला कंटाळा येतो म्हणत. मुलाशी रोज फोन व्हायचा. एकदा मी समोर बसलो असताना त्यांनी त्याला फोनवर सांगितलं की तुमची ती नवी पद्धत म्हणजे निव्वळ फॅशन आहे. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "'हो बाबा' म्हणतो. लहानपणी लई वाद घालायचा."

बाजार समितीचा प्रोग्राम तेवढा ते अजून सांभाळत होते. शहराचं नाव बदललं, तेव्हा पावतीवरचा पत्ता बदलायला तेच गेले. मी गाडी घेऊन सोबत. त्यांना वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. पण जुनं नाव पावतीवर होतं, तक्त्यावर होतं, हमालांच्या ओळखपत्रावर होतं, कुठल्या कुठल्या कोपऱ्यात होतं. एका जागी लिहून सगळीकडून ते मागवायला हवं होतं. सरांनी प्रत्येक ठिकाणी हातानं लिहून ठेवलेलं.

"पोरगा होतो रे," ते म्हणाले. "मला वाटलं, शहराचं नाव काय बदलतंय व्हय?"

दोन दिवस ते नाव शोधत बसले. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही औरंगपुऱ्याला गेलो. आज हॉटेल दणाणणार, अशी मी मनाची तयारी करून गेलो होतो, थोडा घाबरलोही होतो. सय्यद साहेबांनी विचारलं, "हो गया बदल के?"

"झालं."

"सब जगह?"

"सगळीकडं."

"अच्छा." त्यांनी बशीत चहा ओतला. सरांनी कपाला हात लावला नाही. मग सय्यद साहेब म्हणाले, "ठंडी हो री चाय," आणि सरांनी मान हलवून चहा प्यायला. मुलांची चौकशी झाली, गुडघ्याची चौकशी झाली. दोघांनी एकमेकांना आणखी एक एक समोसा घेण्याचा आग्रह केला.

भांडण झालं नाही म्हणून मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते. परतताना सर या वेळी गुणगुणले नाहीत. सिडकोचा चौक आला तेव्हा म्हणाले, "सोयगाव, आज आम्ही एकमेकांशी चांगलं वागलो."

त्यांच्यात काही बिनसलं नव्हतं. शनिवारही लगेच थांबले नाहीत. पण पुढं सय्यद साहेबांना जिना चढवेना, दुकान बंद झालं, आणि ते मुलीकडं हैदराबादला गेले. मग फोन. दोघंही फोनवर फार नीट बोलत. खैरियत? खैरियत. समोर टेबल नसलं की हात आपटता येत नाही.

त्याच वर्षी बाजार समितीनं नवा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. तो आमच्याच कंपनीनं दिला. मी नसतो दिला तर दुसऱ्या कुणी दिला असता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. जुना का काढायचा, हे सचिवांनी मला पहिल्याच बैठकीत मोकळेपणानं सांगितलं होतं. "तुमच्या सरांचा प्रोग्राम शेतकऱ्याला उलटतपासणीला उभा करतो हो. मक्याच्या रांगा रस्त्यापर्यंत जातात. कारकून शिव्या खातो." मी म्हणालो, हे सरांना सांगा. ते दचकले. "सरांना? आपल्याच्यानं नाय व्हायचं. त्यांचा सत्कार करू."

आपल्याकडं असंच करतात. ज्याला खरं सांगायचं धाडस होत नाही, त्याच्या खांद्यावर शाल टाकतात.

सत्कार समितीच्या सभागृहात झाला. भर उन्हाळा, सरांच्या खांद्यावर लोकरीची शाल, हातात नारळ. भाषणांत त्यांना दीपस्तंभ म्हणाले, भीष्माचार्य म्हणाले. सर उत्तराला उभे राहिले.

"तुम्ही लई चांगलं बोलला," ते म्हणाले. "पण प्रोग्राम काढला कामून, ते कुणी सांगितलं नाय. काय चुकलं तेवढं सांगा. मी घरी जाऊन बघतो."

सभापती हात जोडून उठले. "सर, तुमची चूक? छे छे. तुम्ही आमचं दैवत." टाळ्या पडल्या. सरांनी टाळ्या संपायची वाट पाहिली, मग सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली तेव्हा मीही टाळ्याच वाजवत होतो.

बाहेर गाडीपाशी त्यांनी विचारलं, "तुला माहीत असंल. काय खटकलं त्यांना?"

"काही नाही सर. काळ बदलला, एवढंच."

"काळ बदलला हे काय कारण झालं? ते हवामान झालं," असं म्हणून ते गाडीत बसले. शाल त्यांनी घरी पोचेपर्यंत काढली नाही. घामानं सदरा भिजला होता.

त्यानंतर ते जो भेटेल त्याला विचारत, असं मला कळायचं. बाजार समितीतल्या जुन्या कारकुनाला रस्त्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, सर, तुमच्यासारखा प्रोग्राम पुन्हा होणे नाही. सचिवांना फोन केला, ते म्हणाले, घरी दर्शनाला येतो. आले नाहीत. मीही जाणं कमी केलं. गेलो की विचारतील, या भीतीनं.

पुढं पावसाळा संपता संपता मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि हिवाळ्यात ते गेल्याचा फोन आला. म्हणून ते पुण्याला जाण्याआधी मी एन-सातला गेलो होतो, ती शेवटची भेट ठरली. जायचं कारणही साधंच होतं. त्या बाजूला काम निघालं होतं.

पाण्याचा दिवस होता. पुढच्या अंगणात नळाची नळी ड्रममध्ये सोडलेली. सर बाहेरच्या खोलीत बसले होते, सदरा तोच पांढरा, पण अंगाला मोठा झालेला. टेबलावर त्यांचं जुनं यंत्र, त्यात समितीच्या प्रोग्रामची त्यांची स्वतःची प्रत. हातात मोबाईल.

"पोरानं ह्याच्यात एआय टाकून दिलंय," ते म्हणाले. "काही बी विचारा, बोलतंय. मला वाटलं, चला, कुणीतरी आलं."

"मग सर?"

"मी म्हणालो, कोबोल जगातली सगळ्यात देखणी भाषा आहे. म्हणतंय, अगदी मार्मिक निरीक्षण. थोड्या वेळानं म्हणालो, कोबोल बंडल भाषा आहे. म्हणतंय, तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. अरे, हा तर पुढारी निघाला."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"त्याला माझ्या प्रोग्रामचं बी सांगितलं. कामून काढला असंल, विचारलं. त्यानं माझं सांत्वन केलं." मोबाईल त्यांनी उपडा ठेवला. "सोयगाव, ह्याच्यात आणि तुझ्यात फरक काय रे?"

मी त्या उपड्या मोबाईलकडं पाहिलं.

"तू चहा पितोस, एवढाच."

ते रागानं म्हणाले असते तर मी पुन्हा हसून वेळ मारून नेली असती. ते नुसतं पाहून सांगावं तसं म्हणाले. चहा टाकायला उठूही लागले. मी म्हणालो, "सर, बसा. प्रोग्राम उलट बोलायचा, म्हणून काढला."

ते बसले.

"कुणी म्हणालं?"

"सचिव म्हणाले. पण मलाही तसंच वाटतं. तुमचं चुकलं होतं सर."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खोटं वजन जाऊ द्यायचं मग?"

"खोटं वजन वर्षातून एखादं. बाकीचे सगळे खरेच असतात. त्या खऱ्यांना तुम्ही रोज अडवत होतात. माणूस उन्हात ट्रॉली घेऊन उभा, मागं रांग, आणि खिडकीत कारकून तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहीत बसलाय. शेतकऱ्याला वाटायचं, आपल्यावर संशय घेतायत."

"मी विचारत होतो. संशय कुठं घेतला?"

"तुम्ही विचारत होता. तुम्ही तिथं नव्हतात सर, तिथं यंत्र होतं. तुमचं विचारणं मला कळतं, कारण मी तुम्हाला ओळखतो. त्याला फक्त पावती अडलेली दिसायची."

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "कारण लिहायला किती वेळ लागतो?" असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, आणि मी म्हणालो, भर हंगामात तेवढाही वेळ नसतो, तुम्हीच मला काट्यावर उभं करून दाखवलं होतं.  ड्रममध्ये पाणी पडत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता.

"हे तुला कधीपासून वाटतं?"

"पहिल्यापासून."

सरांनी मान हलवली. ओरडले नाहीत. "म्हणजे इतकी वर्षं लोक तिथं उन्हात उभे राहिले," ते सावकाश म्हणाले, "आणि तू हिथं मला बरोबर म्हणत राहिलास."



ते उठले. मला वाटलं आत जातील. पण त्यांनी खुर्ची यंत्रासमोर ओढली, आणि मी पहिल्यांदाच त्यांना कागद-पेन्सिलीशिवाय यंत्रापुढं बसताना पाहिलं. निळा पडदा उजळला. ते वाकून ती जागा शोधायला लागले जिथं पावती अडत होती.

"पावती आधी द्यायची," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "प्रश्न बाजूला लिहून ठेवायचा. सांजच्याला बाजार उठला, की सगळे प्रश्न एकदम काढायचे. मग रांग नाय लागत. नाय ना लागत?"

"नाही सर."

"मग हे आधी सुचायला पायजे होतं."

बोटं चालायला लागली. पूर्वीपेक्षा हळू, पण न चुकता. तो प्रोग्राम आता जगात फक्त त्या एका टेबलावर उरला होता. समितीच्या गेटवर नवा बसून हंगाम उलटला होता, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. ते लिहीत राहिले.

अंगणात ड्रम भरून पाणी वाहायला लागलं. आठवड्याचं पाणी, एरवी थेंब सांडू न देणारा माणूस. त्यांना ऐकू आलं नाही. मी बाहेर गेलो, नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली, तोही भरत आलेला होता म्हणून थांबलो, मग नळ बंद केला आणि परत आलो. सर बोलतच होते. मी उठून गेलो होतो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पाठ माझ्याकडं, मान पडद्याकडं, आणि सांजच्याला ते प्रश्न कारकुनाला विचारायचे की गाडीच्या मालकाला, याचं त्यांचं विवेचन चाललं होतं. मालकालाच विचारायला हवं, असं त्यांचं मत पडत होतं.

मी दारात ओले हात घेऊन उभा राहून ऐकलं. मालक संध्याकाळपर्यंत गावी पोचलेला असतो, ते त्यांनी धरलंच नव्हतं. तिथं ते चुकत होते. मी तसं म्हणालो.